खुंटीवरची टोपी

मी, कागद कारखान्यातला निवृत्त फिटर, वय एकाहत्तर, ज्याला सगळी गल्ली ‘बोल्ट्या’ म्हणते, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं ते वयामुळे. डोकं ठिकाणावर आहे. दुपारी जरा डोळा लागला की कारखान्यातली पांढरी वाफ खोलीत येते, एवढंच.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या लेकीची. जावई भला माणूस आहे, तरी घर लेकीच्याच नावावर राहावं.

२. पान्यांची पेटीही लेकीलाच. ती लिफ्ट दुरुस्त करते, तिला त्यांची किंमत कळते. लाकडी शिडी कोणालाही न देता जाळावी. तिची चौथी पायरी दगा देते. ड्रिल मशीनवर मेहुण्याचा कधीपासून डोळा आहे. त्याची वायर सोललेली आहे, म्हणून ते त्याला मुळीच देऊ नये. रुसला तरी जिवंत राहील.

३. उंचावर चढताना कमरेला बांधायचा माझा पट्टा जुन्या फोरमनला द्यावा. “दोन मिनिटांचं काम, पट्टा कशाला?” हे त्याचं पालुपद. त्या दोन मिनिटांत आमचा रंगारी वरून पडून गेला. आता फोरमन स्वतःच्या घराच्या पत्र्यावर चढतो म्हणे.

४. हे कलम लिहायला मला तेवीस वर्षं लागली. लगद्याच्या टाकीतली पाती साफ करायला मी आणि माझा जोडीदार उतरायचो. नियम असा, की प्रत्येकाने मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. आम्ही दोघांत एकच लावायचो, माझं, डबाही एकच खायचो. आत जाताना टोपी खुंटीला, बाहेर आलं की डोक्यावर. खुंटी रिकामी तर टाकी रिकामी, हा आमचा हिशेब.

त्या दिवशी मला मध्येच दुसऱ्या मशीनवर बोलावलं. अर्ध्या तासाने परतलो तर खुंटीवर एकच टोपी. वाटलं, घाईत राहिलेली माझीच, म्हणजे तो बाहेर आला. ती घातली, कुलूप काढलं, बटण दाबलं. टोपी त्याची होती. माझी माझ्याच मागच्या खिशात होती. वाकून एक हाक मारायची होती, तेवढीही मारली नाही.

चौकशीत लिहिलं, मयताने कुलूप लावलंच नव्हतं. मी होय म्हणून मान हलवली. तेव्हापासून वहिनी, म्हणजे त्याची बायको, सगळ्यांना सांगतात की आमचे हे विसराळूच. चूक माझी होती. मी भित्रा निघालो.

तो दुपारचा येतो. लगद्याने पांढरा झालेला, खिडकीत पाय हलवत बसतो. रागावत नाही. “टोपी दे रे माझी, डोकं गार पडलंय,” म्हणतो. टोपी ठेवलेली पेटी उघडेपर्यंत वाफ विरून जाते.

५. कुलूप लेकीला. किल्ली तिने जिवाभावाच्या माणसालाही देऊ नये.

६. त्याची टोपी वहिनींना द्यावी.

हे सगळं माझ्यामागे वाचलं जावं असं ठरवलं होतं. मग वाटलं, मेल्यावर खरं बोलणं म्हणजे पुन्हा पळणंच. म्हणून आज वहिनींना साक्षीला बोलावलं आणि सहीआधी वाचून दाखवलं. त्यांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, “तेवीस वर्षं मी त्यांनाच बोल लावला हो.” ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी आधीच सांगितलं होतं. वहिनींनी टोपी तेव्हाच पदराखाली घेतली, म्हणून कलम सहा रद्द.

स्थळ: माझी मागची खोली. दिनांक: नऊ, गुरुवार.

लिहून देणार: बोल्ट्या फिटर (सही)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी (सही)

साक्षीदार २: जोडीदाराची बायको (सही). कलम चार ऐकलं. माफ केलं असं लिहीत नाही. ते विसराळू नव्हते, एवढं लिहिते.