झांज युगातली बाई

१ जानेवारी १९९७, सकाळी ९.१०
नवं वर्ष, नवी रोजनिशी. संकल्प तीनच. जास्त केले की थकायला होतं.
रोज पहाटे पाचला उठणे. रोज ही वही लिहिणे. आणि घरात स्त्री-पुरुष समानता आणणे.
(पहिला संकल्प उद्यापासून. आज उशीर झाला.)
तिसऱ्याचं कारण असं. इंदापूरला मी शिकवतो त्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. १९२० नंतरची अमेरिका. जाझ नावाच्या नव्या संगीताची तिकडे लाट आली होती, म्हणून त्या काळाला जाझ युग म्हणतात. बायकांना मताचा हक्क मिळाला. त्यांनी केस कापले, झगे गुडघ्यापर्यंत आणले, नोकऱ्या धरल्या, मोटारी हाकल्या. वाचताना भरून आलं. १९७४ नंतर हे पुस्तक कुणी नेलेलंच नाही. म्हणजे तालुक्यात हे फक्त मला माहीत आहे. केवढी जबाबदारी!
महिला दिनाला बारामतीत यावर व्याख्यान द्यायचं ठरवलं. मनीषाला सांगितलं. ती म्हणाली, बरं, आंघोळीचं पाणी निवतंय.

५ जानेवारी
पाचला उठणं अजून जमलेलं नाही. मनीषा उठवते, पण तिच्या आवाजात आग्रह नसतो.
प्रकरण दुसरं वाचायला घेतलं. चहा उशिरा आला. लय तुटली ती तुटलीच. बायकोचा चहा वेळेवर न मिळाल्यामुळे जगातलं किती स्त्रीमुक्तीचं लेखन रखडलं असेल, कोण जाणे.

१४ जानेवारी, संक्रांत
मनीषाला लुना शिकायची आहे. लुना माझीच, पण ती दोन वर्षं गोठ्यात उभी आहे. रस्त्यावर उसाचे ट्रक फार. मी एसटीनेच जातो. भीती वगैरे नाही, एसटीत वाचन होतं.
तिला सांगितलं, तत्त्वतः माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त साडीचा पदर चाकात जाईल. ती म्हणाली, मागच्या वर्षी पंजाबी ड्रेस मागितला तेव्हा तुम्हीच म्हणालात, आईंना काय वाटेल.
आईला विचारलं. आई म्हणाली, मला काय वाटायचंय? घोडी धरून वरंधा घाट उतरली हाय मी, तू माझ्या पाठीवर झोळीत हुतास.
आईचं हे नेहमीचं. आमच्या घरी मेंढरं होती तोवर दरवर्षी कोकणात जायचे सगळे. आबा मेंढरं घेऊन रानातून आणि आई घोड्यावर बिऱ्हाड लादून रस्त्याने. विषय काय, ही बोलते काय. जुन्या पिढीला स्वातंत्र्याची कल्पनाच नाही.

२३ जानेवारी
आज विचित्र प्रकार.
कळंबच्या स्टँडवर गेणबा पोस्टमन भेटला. एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. तेवढीच त्याची घरापर्यंतची चक्कर वाचली. नाव: सौ. मनीषा मल्हार कोकरे. काटेवाडीच्या बाजूला एक डेअरी आहे, तिथे दुधाच्या तपासणीला लॅब असिस्टंट हवी आहे. मुलाखत १२ फेब्रुवारी, सकाळी अकरा.
हिने अर्ज केला! कधी केला? बारावी सायन्सला पंच्याहत्तर टक्के होते, हे खरं. लग्नामुळे पुढचं राहिलं, हेही खरं. अर्ज केल्याचं मला दुःख नाही. मला दाखवला नाही याचं आहे. निदान शुद्धलेखन तपासून दिलं असतं.
पत्र तिला अर्थातच द्यायचं. पण योग्य वेळी. आता दिलं तर घरात गडबड उडेल आणि व्याख्यान बोंबलेल. लेक स्वराली पहिलीत आहे, तिच्या डब्याचं काय, हा प्रश्नही आहेच. (माझ्या डब्याचाही आहे, पण मी स्वतःचा विचार करत नाही.)
तूर्त पत्र पुस्तकात ठेवलं. पान ११२. ‘नोकरी करणारी स्त्री’ हे प्रकरण तिथेच सुरू होतं.

२ फेब्रुवारी
बारामतीकर नको म्हणाले. त्यांना पुण्याहून कुणी बाई मिळाली. लासुर्ण्याच्या तरुण मंडळाने मात्र लगेच होकार दिला. एका अर्थी बरंच. प्रबोधनाची गरज लासुर्ण्यालाच जास्त.
आज रविवार. मनीषा लुना शिकली. आई लुगड्याचा कासोटा खोचून मागून कॅरिअर धरून पळत होती. सत्तरीची बाई! दोघी हसत होत्या. मला कुणी बोलावलं नाही. मग मीच गेलो, क्लच कसा सोडायचा ते समजावून सांगितलं. मनीषा म्हणाली, लुनाला क्लच नसतो.
दमलो. दुपारी झोपलो.

९ फेब्रुवारी
निमंत्रणपत्रिका छापून आल्या. ‘झांज युगातील स्त्री, वक्ते: प्रा. म. आ. कोकरे.’
झांज!
मंडळाचा सेक्रेटरी महिपती म्हणाला, सर, तुमच्या अक्षरात ‘जाझ’ लिवलं हुतं, प्रेसवाला म्हणला चूक हाय, त्यानं नीट करून दिलं. शिवाय विषयाला धरून आमी चाळीस पोरांचं झांजपथकबी सांगितलंय.
त्याला जाझ म्हणजे काय ते अर्धा तास सांगितलं. तो म्हणाला, व्हय, म्हंजे वाजवायचंच की.
मनीषाने आज दोनदा विचारलं, काही टपाल आलंय का.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
रजा काढली आहे. बरं वाटत नाही.
मनीषा लुना घेऊन काटेवाडीला गेली. मैत्रिणीकडे जाते म्हणाली. शिवून आणलेला पंजाबी ड्रेस घातला होता. दारात थांबून पुन्हा विचारलं, अहो, माझं काही टपाल नाही ना? नक्की? मी म्हणालो, टपालखात्याचं काही सांगता येत नाही. ती म्हणाली, हो का नाही? म्हणालो, नाही.
रुमाल विसरला म्हणून परत आत गेली, लगेच आली, गेली. आई सुपात गहू पाखडत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. काय गं, म्हटलं. काय न्हाय, म्हणाली.
टपालखात्याचं काही सांगता येत नाही, हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

११.०५
घड्याळ चारदा पाहिलं. आज तारीख गेली की हा विषय संपला. मैत्रिणीकडे जीव रमेल तिचा. मग ८ मार्च झाला की पत्र दाखवून सगळं मोकळेपणाने सांगेन. पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतीलच.

१ मार्च
व्याख्यानाची तालीम. पान ११२ सोडून सगळं पुस्तक तीनदा वाचलं. ते पान उघडायला नको वाटतं. पण त्यातला उतारा सभेत वाचायचाच आहे, फार जोरदार आहे.
मनीषा शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी विचारलं, अमेरिकेतल्या बायका बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्यांनी काय केलं?
पुस्तकात याबद्दल माहिती नाही. तसं सांगितलं. ती शेंगा घेऊन उठली.
हल्ली ती माझ्याशी फार चांगलं वागते. गरम वाढते, वाद घालत नाही. तिसरा संकल्प बहुधा साधला.

९ मार्च, सकाळ
काल झालं ते लिहून टाकतो आणि विसरतो.
झांजपथकाने पाऊण तास वाजवलं. कान बधिर. मला वीस मिनिटं. पुढे सगळ्या बायकाच, पहिल्या रांगेत आई, मनीषा, स्वराली. सुरुवात दणदणीत केली. म्हणालो, मायभगिनींनो, अमेरिकेतल्या लाखो बायकांनी केस कापले!
टाळ्यांची वाट पाहिली. सगळीकडे चुकचुक. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. रंगूबाई नावाची दुसरी उठून म्हणाली, आगं बया, लाखभर? लढाईत नवरं गेलं आसतील. मी म्हणालो, महायुद्ध नुकतंच संपलं होतं खरं, पण... ती म्हणाली, बगा, म्हणलं न्हवतं? आन् हितं आमच्यात नवरा गेला तरी कुणी केसाला हात लावत न्हाय. त्या पोरींस्नी बोडकं केलं आन् तुमी हसून काय सांगताय, मास्तर?
मी म्हणालो, स्वखुशीने कापले. रंगूबाई म्हणाली, तसंच सांगत्यात सगळी.
विषय सावरायला उतारा वाचावा म्हणून पुस्तक उघडलं. पान ११२.
पत्र नव्हतं. त्या जागी आईच्या घोंगडीतून ओढलेला काळ्या लोकरीचा एक धागा ठेवलेला होता. नीट, पानाच्या खुणेसारखा.
समोर पाहिलं. मनीषा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी पुस्तक मिटलं आणि खाली बसलो. महिपतीने आभार मानले. पोरांनी पुन्हा झांजा वाजवल्या.
घरी आल्यावर आईने सांगितलं. पत्र आलं त्याच आठवड्यात गेणबाने तिला विचारलं होतं, सुनंचं पाकीट मिळालं नव्हं? घरात मी वाचतो ते पुस्तक एकच. दोघींनी पाहिलं आणि तिथेच ठेवलं. आई म्हणाली, तू देशील म्हणून वाट बघत हुती ती. मी म्हणलं, घे काढून. न्हाय म्हणली, त्येस्नी द्यू द्या. बारा तारखंला दारात पुन्यांदा तुला इचारलं बग तिनं. मग घेतलं. मीच दोरा ठिवला तितं. तुझं पान हरवाया नगं.
मनीषा एवढंच म्हणाली, तुम्ही दिलं असतं ना, तर मी तुम्हाला सोबत चला म्हणणार होते. मला भीती वाटत होती.
नोकरी लागली आहे. उद्यापासून.

१० मार्च
पाचला उठलो. गजर मनीषाने लावला होता.
सातला ती गेली. पंजाबी ड्रेस, पाठीवर वेणी. केस कापलेले नाहीत, म्हणजे अगदी अमेरिकेसारखं काही नाही. आई स्वरालीला शाळेत सोडून तशीच माळावर गेली. डबा मनीषाने तिघांचा केला होता. माझाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.
संध्याकाळी तिची माफी मागायची. शब्द ठरवून ठेवले आहेत. मग ते खोडले, फार भाषणासारखे होते.
कॉलेजला दांडी मारली. साडेदहाला गेणबा दारात. हातात पाकीट, मनीषाच्या नावाचं. मी हात पुढे केला. त्याने पाकीट मागे घेतलं. म्हणाला, सर, राग मानू नगा. बाईंचं टपाल बाईंच्या न्हायतर साखरबाईंच्या हातात द्यायचं, असं सांगितलंय. मी म्हणालो, आई येईल तासाभरात. तो म्हणाला, बसतो की मग.
ओट्यावर बसला. मी विचारलं, चहा घेणार? घेईन म्हणाला.
अर्धा तास साखर शोधली. कारखान्याच्या पट्ट्यात जन्म गेला, आईचं नाव साखरबाई, आणि स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते मला माहीत नाही. शेवटी बिनसाखरेचाच दिला. गेणबाने मुकाट्याने पिऊन घेतला, बशी पालथी घातली.
पाकीट मात्र दिलं नाही.