पस्तीस बाय पंचेचाळीस

३ जून

नाकारला! व्हिसा नाकारला!

चार ओळींचं पत्र. "सादर केलेले छायाचित्र व पासपोर्टमधील छायाचित्र अर्जदाराच्या चेहऱ्याशी जुळत नाहीत. सबब ओळख पटवता आली नाही." खाली शिक्का. सही नाही. सही करायची लाज वाटली असेल!

फोटो! माझा फोटो! तीस वर्षं या शहरातून जो कोणी परदेशी गेला तो आधी माझ्या स्टुलावर बसून गेला. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, दात दिसायचे नाहीत, चष्मा नाही, दोन्ही कान मोकळे. कुठल्या देशाला केवढं डोकं लागतं ते मला झोपेतून उठवून विचारा. परतीचं तिकीट, हॉटेलं, विमा, बँकेचे कागद, रोज कुठे असणार त्याचा तक्ता — सगळं पास. आणि फोटो नापास!

मुलाला फोन केला. खो खो हसला. "आई, तुझाच फोटो रिजेक्ट? स्टुडिओची पाटी उतरव आता!"

फोन ठेवून दिला.

४ जून

कळलं. आरसा आणि फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं.

माझ्या डाव्या गालावर जन्मखूण आहे. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, चांगली तळहाताएवढी, जांभळी. रस्त्यात लहान मुलं आईचा हात ओढून दाखवतात. फोटोत ती नाही. पासपोर्टातही नाही. पण ठसे घ्यायच्या केंद्रात त्यांच्या कॅमेऱ्याने माझा जो फोटो काढला, त्यात ती आहे. त्यांचं काय चुकलं? समोर एक बाई, कागदावर दुसरी.

आणि हे केलं कोणी? मीच! व्हिसाच्या फोटोत काही सुधारायचं नसतं, तशी पाटी मीच दुकानात लावली आहे. गिऱ्हाइकांना दटावते, "डोळ्यांखालची वर्तुळं तशीच राहणार, मागे लागू नका." आणि स्वतःचा फोटो संगणकावर उघडला तेव्हा हात आपोआप डाव्या गालावर गेला. चार फटकारे, गाल साफ. मला पत्ताही नाही. रोज भांडी घासणारा हात जसा चालतो तसा चालला.

५ जून

भाऊजी आले. नात्याने धाकटे दीर, पण सल्ला द्यायला बसले की थोरले होतात.

"वहिनी, झालं ते बरं झालं. या वयात एकट्या कुठे निघालात? तळंच बघायचंय ना? इकडे काय तळी कमी आहेत?"

तळी भरपूर आहेत हो. ते तळं नाही!

दुकानाच्या मागच्या भिंतीवर पडदा आहे. निळं तळं, मागे तीन डोंगर, मधल्याच्या डोक्यावर बर्फ, पुढे लाकडी धक्का, धक्क्याला लाल होडी. यांनी तो एका म्हाताऱ्या चित्रकाराकडून रंगवून घेतला. त्याने कॅलेंडरवरून काढला आणि पडद्याच्या मागे तळ्याचं नाव लिहून ठेवलं. नवरानवरी, तान्ही बाळं, निवृत्त झालेले हेडक्लार्क — सगळ्यांना मी त्या धक्क्यावर उभं केलंय. "जरा पुढे या, नाहीतर पाण्यात पडाल!" हा माझा ठरलेला विनोद. हसतात, फोटो चांगला येतो. मी स्वतः त्या तळ्याचं काय केलं? दोन महिन्यांतून एकदा ओल्या फडक्याने पुसलं. मी "एकदा जाऊ या" म्हटलं की हे म्हणायचे, "कशाला? आपल्याकडे आहे की, धुऊन पुसून ठेवलेलं."

ते तळं खरंच आहे. होडी सप्टेंबरअखेरपर्यंत चालते, मग बंद. मला खऱ्या धक्क्यावर उभं राहायचंय. कोणाच्या घरी राहायला नाही, कोणाचं बाळंतपण करायला नाही. बघायला!

भाऊजी चहा पिऊन गेले.

८ जून

औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर व्हिसा-एजंट बसतो. मी त्याचं नाव 'होऊन-जाईल' ठेवलंय. त्याच्या तोंडी दुसरं वाक्यच नाही.

"सोपं आहे मॅडम. पासपोर्टातला फोटो साफ, अर्जातला फोटो साफ. राहिला फक्त चेहरा. केंद्रात जाताना मेकअप करून जा. अर्ध्या तासाचं काम. होऊन जाईल!"

राहिला फक्त चेहरा!

"आणि विमानतळावर?"

"तिथेही तोच मेकअप."

"आणि तळ्यावर?"

"तिथे कोण बघतंय?"

"मी," म्हटलं.

दुसरा रस्ता लांबचा आहे. खऱ्या फोटोचा नवा पासपोर्ट, त्याला सहा-सात आठवडे. मग व्हिसाचा अर्ज पहिल्यापासून, त्याला तीन. "जरा उशीर झाला तर सप्टेंबर हातचा जाईल मॅडम," तो म्हणाला. जाऊ दे. होडी चुकली तर धक्क्यावर बसेन. पण जाईन ती या चेहऱ्यानेच.

९ जून

मुलाचं एकच. "एक दिवस लाव ना आई, काय बिघडतं?" मग सुनेने फोन घेतला. "आई, मी चांगल्यातली डबी पाठवते. लावायला शिकवते तुम्हाला, व्हिडिओवर." पोरगी मनाने चांगली आहे, म्हणून "पाठव" म्हटलं.

११ जून

डबी आली. लावून पाहिली. इथे खोटं कशाला लिहू? छान दिसत होते. पंधरा मिनिटं आरशासमोर बसले. मान इकडून वळवली, तिकडून वळवली. मग साबणाने खसखसून धुतलं. गाल अजून चुरचुरतोय.

१२ जून

दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. घरातले सगळे अल्बम काढले. लग्न, मुलाचा पहिला वाढदिवस, दुकानाची पंचविशी, भाऊजींच्या घराची वास्तुशांत. एकाही फोटोत खूण नाही. एकाही! साठ वर्षांची झाले आणि माझा एकही फोटो नाही. जी आहे ती कोणी भलतीच बाई, माझे कपडे घालून माझ्या नवऱ्याशेजारी बसलेली!

हे सगळं यांचं काम. निगेटिव्हवर भिंग धरून बारीक पेन्सिलीने तासन्तास बसायचे. पेन्सिल फिरेल तिथला काळपटपणा छापताना जातो. पुढे संगणक आला, तो मी शिकले, पण वळण यांचंच.

एकविसाव्या वर्षी टायपिस्टच्या नोकरीच्या अर्जासाठी मी यांच्याकडे फोटो काढायला गेले होते. तेव्हा ओळखही नव्हती. "हनुवटी खाली," एवढंच बोलले. तीन दिवसांनी फोटो हातात आला तर गाल स्वच्छ! मी हरखून गेले. वर्षभरात लग्न. सगळ्यांना सांगत फिरायचे, बघा, मी न सांगता कसं ओळखलं!

न सांगता. म्हणजे मला विचारलंच नाही! इतकी वर्षं त्याला माया समजले. आज वाटतं, लाज वाटत असणार. शेजारी बसवायची, पण अशी नको. तीन वर्षं झाली माणूस जाऊन, आणि मला कडाकडा भांडायचंय. कोणाशी भांडू? आज 'हे' लिहायची इच्छा नाही. तो. त्याने केलं.

१५ जून

फोटो काढला. कॅमेऱ्याला टायमर लावला, स्टुलावर बसले, ओठ मिटले. मग संगणकासमोर उजवा हात मांडीखाली दाबून बसले आणि डाव्या हाताने प्रिंट दिली. शेजारचा चष्मेवाला डोकावला. "हाताला काय झालं?"

"खोड आहे. मोडतेय."

आठ प्रती काढल्या. दोनच लागतात.

१८ जून

पासपोर्टचं ऑफिस. खिडकीतल्या बाईंनी जुना बघितला, नवा फोटो बघितला, मला बघितलं.

"ही खूण आधी नव्हती?"

"जन्मापासून आहे."

"मग जुन्या फोटोत?"

"तो खोटा होता."

"कोणत्या स्टुडिओत काढला?"

"माझ्याच!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हसल्या — चांगलं हसल्या. 'ओळखीची खूण' या रकान्यात जुन्या पासपोर्टात 'नाही' होतं. तिथे मी स्वतःच्या हाताने लिहिलं : डाव्या गालावर, मोठी.

२ जुलै

एक गृहस्थ तणतणत आले. कुटुंबाच्या फोटोत त्यांचे पांढरे केस काळे कोणी केले म्हणून. मी त्यांच्या ऑर्डरचं पाकीट काढून समोर ठेवलं. 'केस काळे करावे' — त्यांचंच अक्षर, खाली त्यांचीच सही. चष्मा लावून वाचलं. मग सूचनेवर काट मारून घेतली, तारीख घातली, शेजारी नवी सही. पुन्हा छापून देईन.

हा त्याचा नियम, माझ्या नवऱ्याचा. गिऱ्हाइकाने काय सांगितलं ते गिऱ्हाइकाच्याच हाताने पाकिटावर लिहून घ्यायचं. सूचना बदलायची तर काट, तारीख, सही. तोपर्यंत जुनी सूचना चालू. पहिल्या दिवसापासूनची पाकिटं माळ्यावर नंबराने लावलेली आहेत. माणसांच्या बाबतीत एवढा काटेकोर, आणि बायकोला विचारायचं सुचलं नाही!

२१ जुलै

पासपोर्ट नाही. पोस्टमन मला बघून लांबूनच हात हलवतो.

४ ऑगस्ट

आला! पहिलं पान उघडलं आणि पटकन मिटलं. मग पुन्हा उघडलं. ही बाई जरा रागीट दिसते. चालेल.

७ ऑगस्ट

अर्ज पुन्हा भरला. होऊन-जाईल म्हणाला, "प्रवासाचं कारण 'नातेवाईक' लिहा ना. एकटी बाई, साठ वर्षं, नुसतं पर्यटन — त्यांना शंका येते." माझं तिकडे काळं कुत्रंही नाही! 'पर्यटन' लिहिलं. सोबत पत्र जोडायचं होतं, परत का येणार त्याचं. त्याने नमुना दिला, त्यात मुलं, नातवंडं, घर, सगळं होतं. मी दोनच ओळी लिहिल्या. माझा स्टुडिओ आहे. वीस सप्टेंबरला एका नोंदणी लग्नाच्या फोटोंचं काम घेतलंय, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

"असं कोणी लिहीत नाही, मॅडम."

"मी लिहिलंय."

१२ ऑगस्ट

केंद्र. तीच खुर्ची, तोच कॅमेरा. काचेपलीकडे तरुण मुलगी.

"एकट्याच जाणार?"

"हो."

"तिथे कोण आहे?"

"तळं."

तिने मान वर केली. मी पडद्याचा फोटो काचेला लावला आणि सांगितलं — सतरा हजार माणसं तरी यासमोर उभी केली असतील, आता माझी पाळी. तिने काही लिहिलं नाही. पण ठसे घेताना म्हणाली, "अंगठा जरा दाबा, आजी. या वेळी सगळं जुळायला हवं ना."

आजी म्हणाली, त्याचा राग आला नाही.

२८ ऑगस्ट

मिळाला!! नाकावर टिच्चून मिळाला!

अख्खं पान. कोपऱ्यात माझा फोटो, खुणेसकट, वरून सरकारी नक्षी. भाऊजींना नेऊन दाखवला. भिंग मागितलं त्यांनी! बघून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तिकडे थंडी असेल, वहिनी. माझी लोकरीची टोपी घेऊन जा." मुलाला फोनवर सांगितलं. म्हणाला, "आई, फोटो पाठव ना. खरा." आठातली एक प्रत पाठवली.

विमान तीन तारखेला दुपारी. होडी मिळणार!

१ सप्टेंबर

बॅग भरून झाली. एकच काम राहिलंय, आणि ते केल्याशिवाय मी जायची नाही. तो एकविसाव्या वर्षीचा पहिला फोटो. त्याची निगेटिव्ह माळ्यावर असणारच. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनने पुसलं की जातं. कापसाचा बोळा फिरवणार, त्याची सगळी कारागिरी उतरवणार आणि मोठा फोटो छापून दुकानाच्या काचेत लावणार. पहिली चूक तिथून झाली, तिथूनच दुरुस्त होईल. बघू देत येणारे-जाणारे.

२ सप्टेंबर

पाकीट सापडलं. निगेटिव्ह अजून काढलेली नाही.

पाकिटावर निळ्या शाईत : 'डाव्या गालावरील डाग पूर्ण काढावा. ही सूचना नेहमीसाठी समजावी.' अक्षर माझं. खाली सही माझी, माहेरच्या नावाची.

त्याखाली पेन्सिलीने, यांचं बारीक अक्षर : 'काढला. गरज नव्हती.'

मीच लिहून दिलं होतं, आणि साफ विसरले. मग पेन घेतलं. सूचनेवर काट मारली, आजची तारीख घातली, शेजारी सही केली.