केवळाबाईंची अट

सोनपेठ,
ता. ४ जून १९५७

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर चतुरेचं डोकं.

आम्ही तिघंही धडधाकट आहोत. वहिनींची कंबर आता कशी आहे? पांढऱ्या बैलाचा खूर बरा झाला का? (आधीच्या दोन पत्रांत बैलाचं पहिल्यांदा विचारलं होतं आणि दोन्हींना उत्तर आलं नाही, म्हणून या खेपेला वहिनींना पुढे घेतलं.) बाळंतपण उरकून मी निघाले तेव्हा, ‘नोकरी सोड, न्हाई तर हा उंबरा इसर,’ असं तुम्ही बजावलं होतं. मी उंबरा विसरले नाही आणि नोकरीही सोडली नाही, त्यामुळे मधल्या मार्गानं, म्हणजे पोस्टानं, येते आहे.

कारण असं की माझी बिनपगारी रजा संपली. सोमवारी, दहा तारखेला, शाळा उघडते. मुली एकोणीस आणि शिकवायला बाई मी एकटी. मी गेले नाही तर पुरुष मास्तर येतील, आणि मास्तर आले की पोरी घरी बसतील, हे त्यांच्या बापांनी ओसरीवर येऊन, चहा पिऊन सांगितलं आहे. तेव्हा बाळाला दिवसभर सांभाळणारी बाई शोधणं भाग पडलं. पहिली आली दगडाबाई. गळा गोड, पण अंगाई सुरू केली की आधी तिचाच डोळा लागे. तिसऱ्या दिवशी मी डोकावले तर ती पाळण्याच्या दोरीला धरून घोरत होती आणि बाळ टक्क जागं राहून तिच्याकडे बघत होतं. दुसरी कडूबाई. तिच्याजवळ बाळ इतकं शांत राहिलं की तुमच्या मेहुण्यांनी (पोस्टातला माणूस, कौतुकसुद्धा तोलून करतो) तिची चार जणांत तारीफ केली. चौथ्या दिवशी तिच्या कनवटीला अफूची डबी निघाली. मोहरीएवढी बाळाला, हरभऱ्याएवढी स्वतःला. मी तिला तिथल्या तिथे घालवली, तर जाताना ‘या हातानं अर्धं गाव निजीवलंय, बाई,’ असं मलाच सुनावून गेली.

तिसऱ्या केवळाबाई. धनगराघरच्या, विधवा, कडक. आल्या, पगाराचं काही विचारलं नाही. बाळाला दोन्ही हातांवर तोललं, हिरड्या चाचपल्या, तळपाय बघितले. बाजारात कोकरू बघतात तसं. मग माझ्याकडे वळून, ‘दुपारच्याला पाजायला येताव ना?’ मी तपासनीस साहेबांसमोर उभी असल्यासारखी हो म्हणाले. त्या आपली शेळी सोबत घेऊनच कामाला आल्या. शेळीनं पहिल्या दिवशी हैदराबाद राज्याचा भिंतीवरचा नकाशा खाल्ला. ते राज्य तसंही नोव्हेंबरपासून उरलं नव्हतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

पण त्यांनी एक अट घातली. बाळाला सातवा महिना लागला, जावळ डोळ्यांवर येतं, मी लाल दोऱ्यानं बांधून ठेवते. त्या म्हणाल्या, ‘मामाच्या मांडीवर जावळ निघाल्याबिगर हे लेकरू म्या एकटी वागवनार न्हाई. नजर लागली तर बोल कुनाला?’ आम्ही मुलांच्या शाळेच्या दिनकरराव मास्तरांना मामा व्हायला बोलावलं. ते इस्त्रीचा कोट घालून पाटावर बसले, न्हाव्यानं वस्तरा परजला, आणि बाळानं कोट पुरता भिजवला. ‘मांडी वळकली न्हाई लेकरानं,’ म्हणत केवळाबाई शेळी घेऊन चालत्या झाल्या. तेव्हा आता खऱ्या मामाशिवाय इलाज नाही. एकोणीस मुलींचा प्रश्न आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांचे मुके.

तुमची,
चतुरा

ता. क. — शनिवारी सकाळच्या एस.टी.नं परभणीहून निघालात तर जेवायला इथे पोचाल. मी नोकरीचा विषय काढणार नाही. (शाळा सोमवारी आहे.)

ता. क. दुसरा — यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, भावाला इतकं खोटं लिहू नये. तर खरं लिहिते. दगडाबाई, कडूबाई आणि नकाशा खरा. दिनकररावांचा कोट मी मनानंच भिजवला. केवळाबाईंची अट वगैरे काही नाही. त्या पंधरा दिवसांपासून बाळाला उत्तम सांभाळतात. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘याला मामा न्हाई का?’ मी आहे म्हणाले. ‘मंग येत कसा न्हाई?’ मी, एवढी शिकलेली, उठून हे पत्र लिहायला बसले. फार लागलं ते. सोमवारी मी शाळेत जाणारच, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी. पण त्याआधी एकदा तो तुझ्या मांडीवर बसावा, ही अट माझी आहे. दादा, ये.