फाटका कोपरा

शिराळा, ता. ९ एप्रिल १९४४

तीर्थस्वरूप नाथाजीदादास,

साताऱ्याच्या एका सुभेदारांसाठी मी शिपायांची पत्रं गोळा करतोय. आज आईकडे तुझं शेवटचं मागितलं. ते आलं तेव्हा मी मिरजेला होतो. कोपरा फाटलेला बघून, मेल्याचीच बातमी म्हणून कुणी ते उघडलंही नव्हतं.

आई म्हणाली, “मेल्याचं पत्र घरात ठेवत्यात व्हय रं? गोठ्याच्या छपरात खोचलंय.”

दादा, अक्षर तुझंच आहे. तू कैदेत आहेस, पण खुशाल आहेस. कोपरा वाटेतच फाटला असावा. तुझ्या बायकोला, विजयमालेला, वाट बघायला सांगितलंयस.

गेल्या माघात पंचांनी तिला विधवा समजून तिचा माझ्याशी पाट लावला. हे तुला कसं धाडू?

चुलीपाशी भाकरी थापत ती विचारतेय, “आवं, काय लिवलंय त्यात?”

तुझा धाकटा भाऊ, एवढं तरी लिहू दे,
सयाजी