तारेतून आलेला तारा

धसई, तालुका मुरबाड
दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार, सन १९३८

रा. रा. …………… यांसी,

मैनेचा दंडवत. वरची जागा मोकळी का सोडली ते तुम्हाला सांगायला नको. इकडे सगळी खुशाल आहेत. तुमचं पत्र भाऊबीजेला पोचलं, म्हणजे बोटीनं चांगला दीड महिना खाल्ला. पाकिटावरचं तिकीट शेजारच्या धाकलूभाऊजींच्या मुलीनं मागून घेतलं आणि देव्हाऱ्यात चिकटवलं. त्यावरच्या गोऱ्या बाप्याला ती रोज हळदकुंकू वाहते.

हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. ओढ्याकडचा तुकडा डुकरांनी तुडवला, बाकीचं देवानं राखलं. सासूबाईंच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. डोळखांबहून माझा भाऊ ओवाळून घ्यायला आला होता, त्यानं नाचणी आणली. माझं अक्षर या खेपेस वाकडं दिसेल, उजवं मनगट जरा दुखतं आहे. बाकी विशेष काही नाही.

तुमची तार मिळाली होती. ती सप्टेंबरातच आली. तिचं पुढं लिहिते, आधी पत्राचं.

पत्र मी ओटीवर सगळ्यांना बसवून वाचलं. हो, मामंजींनासुद्धा. दचकू नका, तेही पुढं येईल. मला जे समजलं ते लिहिते, म्हणजे तुम्ही सहा वर्षांपूर्वी मला शिकवलेली बाराखडी फुकट गेली नाही हे कळेल. तुम्ही डोंगरावरच्या लहान दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो पुन्हा पुन्हा काढता. ते फोटो काचेवर उमटतात आणि तारे काळे दिसतात. मग जुनी काच आणि नवी काच शेजारी ठेवून दिवसभर ठिपके ताडून पाहता. तशात एका धुरकट डागाच्या कडेला एक ठिपका निघाला, जो आधीच्या काचेवर नव्हता. तो डाग म्हणजे डाग नव्हे, आपल्यापासून फार लांबची ताऱ्यांची अख्खी वस्ती. आणि तो एकटा ठिपका जवळजवळ साऱ्या वस्तीइतका उजळला होता. बरोबर ना?

सासूबाई म्हणाल्या, "येकला दिवा आख्ख्या गावायेवढा? मंग तेल किती लागत आसंल!" तुमच्या सुपरनोव्हाला त्या सुपारीनवा म्हणतात आणि आता गावातही तेच चाललं आहे. तुम्ही परत याल तेव्हा लोक सुपारीबद्दल विचारतील. तयारीत असा.

पुढचं मला सगळ्यांत आवडलं. ठिपका दिसला म्हणून तुम्ही नाचला नाहीत. काचेवरची धूळ असेल, काचेचाच दोष असेल, मधूनच जाणारा एखादा लहानसा ग्रह असेल, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा फोटो घेतलात. ठिपका जागच्या जागी होता. तरी तुमच्या साहेबांनी सांगितलं की आताच कुठं बोलू नका, पलीकडच्या डोंगरावरची मोठी दुर्बीण काय म्हणते ते बघू. तिचा आरसा म्हणे आपल्या बैलगाडीच्या साटीपेक्षा मोठा. तिथं ढग आले, तुम्ही निरोपाची वाट बघत बसलात. शेवटी आभाळ उघडलं, त्यांनी त्या ठिपक्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा पसरून पाहिला आणि सांगितलं की हो, हा तसाच तारा आहे. तेव्हा कुठं तुम्ही हसलात. तुम्ही लिहिलंत, "एकानं पाहिलेलं आमच्यात पाहिलेलं धरत नाहीत." हे वाक्य वाचताना मी थांबले आणि मामंजींकडं पाहिलं. ते खाली बघून सुंभ वळत होते.

तर आता तार.

तुम्हाला आनंद झाला, तो घरी कळवावासा वाटला, यात तुमची काही चूक नाही. पण अहो, तुम्ही धसईचे ना? इथं तार कशासाठी येते, हे सहा वर्षांत विसरलात? बरं, तार करायची ती करायची, तर पितृपक्षात? नेमका तोच पंधरवडा सापडला?

मुरबाडहून टपालमाणूस सकाळीच आला. तो बिचारा लांबूनच टोपी काढून आला, कारण तार पोचवायची तर तशीच पोचवायची असते. त्याच्या डोक्यावर टोपी नाही हे पाहूनच सासूबाईंनी हंबरडा फोडला. तार इंग्रजीत. टपालमाणसाला पत्ता तेवढा वाचता येत होता. मग जंगल डेपोतल्या कारकुनाला बोलावून आणलं. त्यानं कागद वर धरला, खाली धरला. तीनच शब्द होते. पहिला स्टार. दुसरा कन्फर्म्ड. तिसरा तुमचं नाव. (ते मी लिहीत नाही. तार आली म्हणून रीत सोडायची असं थोडंच आहे.)

कारकून म्हणाला, "स्टार म्हणजे तारा. कन्फर्म्ड म्हणजे नक्की. आणि हे पोराचं नाव." मग टोपी काढून म्हणाला, "पोर तारा झालं. नक्की."

तुम्ही हसाल. आता मीही हसते. पण लहानपणी धाकटी बहीण गेली तेव्हा माझ्या आईनं मला अंगणात नेऊन चांदणीच दाखवली होती. तुमच्याही आईनं तुम्हाला आजोबा तिथंच दाखवले असतील. त्या अंगणात एकालाही या शब्दांचा दुसरा अर्थ सुचला नाही. मलाही नाही. तुम्ही तिकडं तारेच बघायला गेला आहात हे मला, तुमच्या बायकोला, त्या घटकेला आठवलं नाही.

मामंजी वरच्या शेतावर गवत कापायला गेले होते. त्यांना बोलवायला माणूस गेला, तोवर सकुआत्या आल्या. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, लग्न असो की मयत, हाताला उसंत नाही. बायकांनी मला विहिरीवर नेलं. मनगट दुखतंय असं वर लिहिलं ना, ते याचं. आत्यांनी माझा उजवा हात विहिरीच्या काठावर धरला आणि दगड घातला. बांगड्या गेल्या. एक काच आत रुतून राहिली, ती पुढं पिकली, आता बरं आहे. हे मी लिहिणार नव्हते. तुम्ही इतक्या लांब, तुम्हाला कशाला जाळायचं, असं ठरवलं होतं. पण मग पुढचंही लिहिता आलं नसतं, आणि पुढचं तुम्हाला कळायलाच पाहिजे.

आत्यांनी डावा हात धरला, तेवढ्यात मामंजी आले. हातात विळा तसाच.

"कोनी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"डेपोतल्या कारकुनानं," धाकलूभाऊजी म्हणाले.

"आनिक कोनी?"

"आनिक कोन वाचनार? गावात विंग्रजी हाये कोनाला?"

"येकानं वाचलं म्हंजे वाचलं नाय," मामंजी म्हणाले. "सकू, पोरीचा हात सोड."

आत्या चिडल्या. "दादा, तू बाप हायेस. आदी आंघोळ कर. सुतक लागलंय."

तुम्ही बोटीवर चढलात त्या दिवशी मामंजींनी काय केलं, हे तुम्हाला कुणीतरी कळवलंच असेल. मुरबाडच्या शाळेतली नोकरी सोडून पोरगा समुद्रापार गेला, म्हणून ते याच विहिरीवर आले आणि डोक्यावरून घागर ओतून घेतली. तुमच्या नावानं आंघोळ केली. त्यानंतर तुमचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. या घरात तुमचं नाव न घेणारी आम्ही दोघंच, मी रीत म्हणून आणि ते राग म्हणून.

ते आत्यांना म्हणाले, "येकदा केली त्याच्या नावानं आंघोळ, जित्याच्या. ती चुकली माझी. आता खात्री झाल्याबिगर अंगावर थेंब घेनार नाय. आनि तवर हिच्या बांगडीला कोनी हात लावायचा नाय."

विळा धाकलूभाऊजींच्या हातात दिला, तार टोपीत खोचली आणि ते मुरबाडच्या वाटेला लागले. जेवले नाहीत. पाणी प्यायले नाहीत.

मी दिवसभर ओटीच्या खांबाला टेकून बसले. डाव्या हातात बांगड्या, उजवा हात मोकळा, त्यावर चिंधी. बायका येत, रडत, आणि माझ्या दोन हातांकडं आळीपाळीनं बघत. मला रडू येत नव्हतं. मामंजींनी हात सोडवला ना, त्या एका गोष्टीला धरून मी बसले होते. मनात तुमच्याशी भांडत होते. म्हणत होते, मेला असाल तर बघा!

दिवस कलला तशी पोरं ओरडत आली, "आजोबा आले, आजोबा आले!" सगळी वाटेकडं धावली. मी बसल्या जागेवरून पाहिलं. पुढं मामंजी चालत होते आणि त्यांच्या मागं, डोक्यावर पाटी घेतलेली, मुरबाडच्या बाजारातली रंगू कासारीण.

अहो, सुतकाच्या घरात कासारीण पाऊल टाकेल का? मामंजींनी तोंड उघडायच्या आधीच बायकांचं रडणं जागच्या जागी थांबलं. सासूबाईंनी तर रडता रडताच हसायला सुरुवात केली. मामंजी अंगणात उभे राहिले, धाप लागली होती, आणि म्हणाले, "कोंडू जिता हाये. कायतरी शोधलंय त्यानं. चांगलं हाये." हे त्यांच्या तोंडचं म्हणून लिहिते, मी नाव घेतलं असं समजू नका. मग मात्र मला रडू फुटलं, ते किती वेळ आवरेना.

मुरबाडात काय झालं ते नंतर कळलं. मामंजी आधी सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तार वाचली आणि विचारलं, "मुलगा काय करतो?" मामंजी म्हणाले, "आभाळ बगतो." डॉक्टर खो खो हसले. म्हणाले, "अहो बाबा, शेवटी ज्याचं नाव, त्यानंच तार पाठवली. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाची तार करतो होय? त्याला तारा सापडला, आणि तो नक्की झाला." यावर दुसऱ्या कुणीही देवाला हात जोडले असते. मामंजींनी तार घडी करून टोपीत ठेवली आणि कचेरीत जाऊन एका वकिलाकडून पुन्हा वाचून घेतली. दोघांचं जुळलं तेव्हा बाजारात गेले. रंगू सांगत होती, "म्हातारा माज्या पाटीफुडं हुबा रायला. हिरव्या दे म्हने. माप इचारलं तर म्हनतो, माप कुटलं, बाईच बसलीय घरी, तूच चल."

तिनं ओटीवर बसून माझा हात भरला. मामंजी पाठ फिरवून अंगणात उभे होते. चिंधीवरून बांगडी जाईना, तर रंगू हळूहळू, फुंकर घालत, एकेक चढवत होती. मी त्या माणसाला आजवर नुसती भीत आले. त्यांच्या समोरून जाताना पदर सावरायचा, ताट वाढून मागं सरायचं, एवढंच आमचं नातं होतं. आता रोज सकाळी त्यांच्या पाया पडते. ते म्हणतात, "काय गो, रोज सन हाये काय?" मी म्हणते, हो, आहे.

तुमच्या पत्राचा शेवटही वाचला. काही विद्वान म्हणतात की असा उजेड म्हणजे त्या ताऱ्याचा शेवटच असावा. तो लाखो वर्षांपूर्वी कधीतरी झाला आणि त्याची खबर आपल्यापर्यंत आत्ता पोचली. हे ऐकून मामंजींनी हातातला सुंभ खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे कारकून आगदीच खोटं नाय बोलला. गेलं व्हतं कोनीतरी. आपलं नाय, येवढंच." सासूबाईंनी त्या ताऱ्यासाठी देवापुढं वात लावली. हसू नका, मला ते बरं वाटलं.

डोकेफोड करून शोधलेला तुमचा तारा आम्हाला इथून कधी दिसायचा नाही, असं तुम्ही लिहिलंत. नसू दे. तो सापडला म्हणून तुमचे वडील मला कळले. मामंजींना तुमची खबर कळली आणि तुम्हाला त्यांची. त्या ताऱ्याचे आणि तुमच्या साहेबांचे आमच्यावर उपकार आहेत, साहेबांना माझा नमस्कार सांगा.

आता मामंजींचा निरोप. त्यांची तब्येत चांगली आहे, मनात भलतंसलतं आणू नका. काल मी दौत घेऊन बसले तेव्हा ते आपण होऊन जवळ आले आणि म्हणाले, "त्याला लिव. उद्या माजी तार त्याला पोचली, तर येकट्या तारेवर इस्वास ठेवायचा नाय. सोता येऊन नक्की करायचं." मग दोन पावलं गेले आणि परत आले. "आनि तार जायच्या आदी आला तर बरं व्हईल."

मी विचारलं, हे शेवटचंही लिहू का?

ते म्हणाले, "तेच लिव. बाकीचं नाय लिवलंस तरी चालंल."

दोन्ही हात जोडून,
तुमची सौ. मैना