पानाची डावी बाजू

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

राग अजून उतरत नाही.

नारायणगुड्याच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये आज बाबांना कितीतरी वेळ नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं. मग घाईघाईत हात वर-खाली केला, झाला व्यायाम. निघताना तिथल्या पोरीनं नेहमीसारखं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहऱ्यांचं कार्ड समोर धरलं. "अंकल, आज कैसा लगा? उंगली रखो." बाबांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ती खूश.

ऑटोत बसल्यावर बाबा म्हणाले, "मला तिथं परत नेऊ नको."

मग हसरा का दाखवला, मी विचारलं.

"रडका होता कुठं त्यात?"

मला वाटलं, चिडून बोलतायत.

घरी जेवायला वाढलं. भाजी-पोळी संपवून बाबा म्हणाले, "लोणचं नाही वाढलंस?" लोणचं, कोशिंबीर, सगळं डावीकडे तसंच होतं. स्ट्रोकनंतर डावीकडचं काही त्यांच्या लक्षातच येत नाही. रोजच्यासारखं मी ताट उजवीकडे सरकवलं आणि हात तिथंच थांबला.

कार्डावर रडके चेहरे डावीकडे आहेत.

म्हणजे आजवर दर वेळी बाबा खूश? ज्यांनी हाच आजार बरा करायचा, त्यांना एवढं कळू नये? आणि वर भिंतीवर बोर्ड, आमचे पेशंट समाधानी. कसले समाधानी? लोणचं न दिसणारा माणूस लोणचं नको म्हणाला, असं लिहून ठेवायचं?

उद्या कार्ड मी धरणार. पार उजवीकडे, रडका चेहरा बाबांच्या नाकासमोर येईल असं. मग विचार म्हणावं, अंकल, कैसा लगा.