नव्या गाडीची कडी चालू होती

तीर्थस्वरूप बिभीषणमामांच्या चरणी समर्थचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचे आणि बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असे शाळेत शिकलो होतो. बारावी राहिली, पण एवढे लक्षात राहिले.) मी सोडून घरातले सर्वजण खुशाल आहेत. मामींची रक्तातली साखर आता किती आहे ते कळवावे, आणि उसाचा रस ताजा असला तरी त्यात साखरच असते, हे त्यांना माझ्या वतीने सांगावे. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि दुकानात कायम चार माणसे बसलेली असतात. ही गोष्ट त्या चौघांसाठी नाही. म्हणून हे पत्र एकट्याने वाचावे, शक्यतो दुकान बंद झाल्यावर.

रंभाजी पाटील आमचे घर बघायला आले तेव्हा नेमके काय झाले, हे तुमच्या कानावर वेगवेगळ्या तऱ्हेने आले असेल. त्यांच्या राजेश्वरीला पाहून आल्यापासून मला जेवण नीट जात नाही, हे आईने तुम्हाला सांगितलेच आहे. तिच्याकडच्यांना आणायला मुलाने जातीने कोपरगावला जावे, पाहुण्यांना मान वाटतो, असा सल्ला तुम्हीच दिला होता. (मी दोष देत नाही. फक्त क्रमाने लिहितो आहे.) पाहुण्यांना मोटारीत उलटीचा त्रास, म्हणून आपली पॅसेंजर ठरली. या गाडीने मी वांबोरीहून नगरला रोज कामाला जातो, त्यामुळे तिची सगळी दुखणी मला पाठ आहेत. पंखा कंगव्याने ढकलल्याशिवाय फिरत नाही. खिडकीची झडप मानेवर पडू नये म्हणून पाचर मारावी लागते. पावसाळ्यात आत छत्री उघडून बसावे लागते, तेही शेजाऱ्याच्या डोळ्यात काडी जाणार नाही अशा बेताने. दार उघडायला दोन माणसांचे खांदे लागतात, म्हणून उतरणारे आधीच्या स्टेशनापासूनच दाराला भिडतात. आणि संडासाला आतून कडी नाही. आत गेलेल्या माणसाची अब्रू बाहेरच्या माणसाच्या हातात असते. सोबत कोणी असेल तर तो दार धरतो, नाहीतर आतला माणूस मूठ दोरीने आतल्या दांड्याला बांधून ठेवतो. आमच्याकडे यात कोणाला काही वाटत नाही, उलट धरणाऱ्याला पुण्य लागते असे म्हणतात. तर पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून मी कंगवा, पाचर, सुतळी, बसायला जुनी चादर आणि उदबत्ती (कशासाठी ते लिहीत नाही) असे सगळे पिशवीत भरून नेले.

आणि कोपरगावला फलाटावर जी गाडी आली ती आपली नव्हतीच. वेळ तीच, नाव तेच, पण डबे कोरे करकरीत! ते जुने डबे बदलण्यासाठी आम्ही रोजच्या प्रवाशांनी किती अर्ज केले होते, आणि नेमके त्याच सकाळी ते बदलावेत! पंखे आपणहून फिरत होते. खिडकी एका बोटाने वर जात होती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि मला अगदी निकामी वाटू लागले. रंभाजी पाटील इकडेतिकडे बघून म्हणाले की बिभीषणराव तर म्हणत होते, गाडी भंगार आहे. म्हणजे तुम्ही खोटे बोलता की काय, अशी शंका त्यांना आली असावी. मी गाडीची बदनामी थांबवावी की तुमची, हे मला कळेना, म्हणून पाचर पिशवीत आणखी खोल ढकलली.

राहुरी सोडल्यावर रंभाजी उठले आणि संडासाकडे गेले. मामा, मी शपथेवर लिहितो की माझ्या मनात आदराशिवाय दुसरे काही नव्हते. होणारे सासरे आत आहेत आणि दार उघडे पडले तर जन्मात तोंड दाखवता येणार नाही, एवढेच डोक्यात होते. नव्या दाराला कडी असेल हा विचारच शिवला नाही, कारण रोजच्या सवयीत तो कधी नव्हताच. मी मूठ धरून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांच्या बहिणीने, बनाबाईंनी, हाक मारली. त्यांच्या तोंडात मिश्री होती आणि नव्या डब्यात थुंकायचा त्यांना धीर होत नव्हता. त्यांची अडचण तातडीची दिसली, म्हणून मी सुतळीने मूठ शेजारच्या दांड्याला बांधली (पक्की, मला ढिली गाठ आवडत नाही) आणि त्यांना बेसिन दाखवले. मग छतातून एका बाईचा आवाज आला, पुढील स्थानक वांबोरी. बनाबाई दचकल्या, म्हणाल्या की ही कोण आणि हिला कसं कळलं आपण कुठं उतरणार. मी त्यांना समजावत पिशव्या उचलल्या आणि सवयीने दाराला भिडलो.

गाडी थांबली आणि मी जुन्या गाडीच्या हिशोबाने खांदा मारला. ते दार लोण्यासारखे उघडले. मी पिशव्यांसकट फलाटावर चारी पायांवर गेलो. नव्या गाडीतून असेच उतरायचे असते असे वाटून बनाबाईही उडी मारून उतरल्या. मी पाहुण्यांच्या पिशवीतून सांडलेले पेरू गोळा केले, कारण आपली जुनी गाडी सुटतासुटतासुद्धा चहा पिऊन पकडता येते. ही नव्हे. मला रंभाजी आठवले तेव्हा शेवटचा डबा माझ्यासमोरून गेला. मी धावलो. बनाबाईंनी मागून विचारले, "आमचा दादा कुटं हाय?" मी नगरच्या दिशेने बोट दाखवले.

बन्सी माझ्याबरोबर रोज नगरला जातो, तो त्याच गाडीत पुढच्या डब्यात होता. त्याला फोन केला. तो नगर येईपर्यंत गर्दीतून वाट काढत पोचला आणि गाठ सुटेना म्हणून सुतळी दाताने तोडली. रंभाजींनी आतून दार वाजवले नव्हते असे नाही. पण आपल्या गाडीत बाहेरून बांधलेले दार म्हणजे बिघडलेले, नुसतेच आपटणारे दार, हे सगळ्यांना माहीत. दोघेजण येऊन सुतळी पाहून परत गेले, आणि त्यातला एक म्हणाला, "बघा, एका दिवसात वाट लावली लोकांनी." हे रंभाजींनी आतून ऐकले.

ते नगरहून काळीपिवळी जीपने आले. (हो, उलटीही झाली.) ओसरीवर सगळे भाऊबंद बसलेले, धाकट्या दिशाने पोहे पुन्हा गरम केलेले. त्यांनी पाणी घेतले, पोह्यांना हात लावला नाही. मी पाया पडलो. ते म्हणाले, "पावणं, आतली कडी चालू हुती."

मी म्हणालो, "हो."

"मंग भायेरनं कशापायी बांदलं?"

मी खरे ते सांगितले. आमच्या गाडीत वडील माणूस आत गेला की आम्ही दार धरतो, तुमची लाज जाऊ नये म्हणून बांधले, हात रिकामा नव्हता. आमचे अण्णा आढ्याकडे बघू लागले. दिशा हसू दाबत आत पळाली. तेव्हा बनाबाई बोलल्या, "दादा, आमच्या ह्यांनी उभ्या जल्मात माझ्यासाटी दार धरलं न्हाई. गाडीत मी आतनं पाय लावून बसायची, आन हे भायेर तंबाखू मळायचे."

"तू गप," रंभाजी म्हणाले. मग त्यांनी विहीर पाहिली, गोठा पाहिला, आणि निरोप बिभीषणरावांकडे देऊ म्हणून निघून गेले.

मामा, तो निरोप अजून आलेला नाही. दुसऱ्या कोणी काही चूक केली असती तर मी समजू शकलो असतो. पण मी जेवढी काळजी घेतली तेवढीच मला नडली, हे कोणाला सांगू? आपण सहज गेल्यासारखे त्यांच्याकडे जावे, आधी पाऊसपाण्याचे बोलावे आणि मग माझा विषय काढावा. संडास हा शब्द टाळावा. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
समर्थ

ता. क. पाकीट चिकटवले होते, पुन्हा उघडले. पाऊसपाण्याचे बोलायला जाऊ नये. राजेश्वरीचा फोन आला होता. ती म्हणाली, "आबा त्या दाराची गोष्ट रोज नव्या माणसाला सांगतात. पहिल्यांदा चिडून सांगायचे, आता हसत उठून हात करून दाखवतात." त्यांच्याकडून होकार आहे. मी विचारले की तुझे काय म्हणणे. ती म्हणाली, "आत्यानं सांगितलंय, हा सोडू नको." मी रात्री तीन भाकरी खाल्ल्या.

ता. क. २. खरे काम पुढेच आहे. साखरपुड्याला त्यांची सगळी माणसे त्याच गाडीने येणार आहेत. रंभाजींची एकच अट आहे. आणायला मुलाकडचे कोणीही यावे, फक्त मुलगा नको. म्हणून ते काम आपण करावे, ही विनंती. अडचण एवढीच की बनाबाईंनी कळवले आहे, पोरगा घ्यायला आला तरच त्या गाडीत बसतील. आणि त्यांच्याशिवाय रंभाजी घरातून निघत नाहीत. यातून काय तो मार्ग आपणच काढावा.